उतारा वाचा आणि प्रश्नांची उत्तरे द्या
(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटे दिली आहेत आणि तीही जेवणानंतरची. मसालेभात आणि जिलबी झाल्यावर समोरचा माणूस काय ऐकणार, हे मी शिक्षिका असल्यामुळे चांगले जाणते. दुपारचा पाचवा तास मीही घेते. त्यामुळे मागच्या बाकावर ज्यांना पेंग येईल त्यांनी संकोच करू नये. फक्त घोरू नये, एवढीच विनंती.

मला सांगितले होते, "जुन्या आठवणी खूप झाल्या, तू मुलांच्या प्रवेशपरीक्षांबद्दल काहीतरी उपयोगाचं बोल." आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुले आत्ता अकरावी-बारावीत आहेत. शाळेतल्या आजच्या मुलांचाही हाच प्रश्न आहे. मी गेली बावीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते आणि संध्याकाळी प्रवेशपरीक्षेला बसणाऱ्या मुलांकडून उताऱ्याचे प्रश्न सोडवून घेते. म्हणून आज एकाच गोष्टीबद्दल बोलते. घड्याळ लावून उतारा कसा वाचायचा.

आपल्या तालुक्यात 'उतारा' म्हटले की आधी सातबारा आठवतो. हसू नका, त्याचा मला पुढे उपयोग आहे.

आधी हे सांगते की उताऱ्याला एवढे महत्त्व का आले. आपण दहावी झालो तेव्हा उतारा म्हणजे हमखास मार्कांचा प्रश्न होता. "उतारा काय, उत्तर तिथेच असतं," असे आपण म्हणायचो. आता तोच उतारा दारात उभा राहून कोण आत जाणार ते ठरवतो. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट परीक्षा घ्या. अशी विद्यापीठे आपल्या राज्यातही आहेत, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे. २०२० पासून ही परीक्षा जवळजवळ पूर्णपणे उताऱ्यांवर आधारलेली आहे. इंग्रजी, चालू घडामोडी, कायद्याचा तर्क, साधा तर्क, एवढेच काय, गणितसुद्धा उतारा देऊन विचारतात. आज तिची पदवीची परीक्षा १२० प्रश्नांची आणि १२० मिनिटांची आहे. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सीयूईटी सुरू झाली. तिच्या भाषेच्या पेपरात उताऱ्यांचा मोठा वाटा असतो, आणि आता तो पेपर ५० प्रश्नांचा, ६० मिनिटांचा आहे. पुढे पदवीनंतर व्यवस्थापनाच्या कॅट परीक्षेत तर भाषेच्या विभागाला ४० मिनिटे देतात. ती संपली की तो विभाग बंद, परत मागे जाता येत नाही.

म्हणजे मुलाला विषय येतो की नाही हे पुढचे. आधी तो वेळेत वाचू शकतो का, हे बघतात.

हे मी आज या शाळेत का सांगते आहे? दोन वर्षांपूर्वी आपल्याच एका वर्गमित्राची मुलगी माझ्याकडे आली. त्याची परवानगी घेऊन सांगते आहे, तो समोर बसला आहे. मुलगी याच शाळेत शिकलेली, दहावीला मराठीत उत्तम गुण. कायदा करायचा हे तिने आठवीतच ठरवलेले. एका क्लासची भरपूर फी भरून झाली होती. पण प्रत्येक सराव परीक्षेत तिचे जवळजवळ चाळीस प्रश्न वाचायचेच राहून जात होते. क्लासमध्ये तिला सांगितले गेले की मराठी माध्यमाच्या मुलांचे हे असेच होते, तुम्ही दुसरा मार्ग बघा. ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मावशी, बाबांनी मला इंग्रजी शाळेत घातलं असतं तर बरं झालं असतं, नाही का?" तिचे वडील बाजूलाच बसले होते. तो काही बोलला नाही. हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना आपल्या मुलांनी विचारला असेल, किंवा मुलांनी विचारायच्या आधी आपणच स्वतःला विचारला असेल.

मी तिला उत्तर दिले नाही. एक उतारा दिला आणि म्हटले, मोठ्याने वाच. मी बघत बसले.

ती काय करत होती ते सांगते. प्रत्येक वाक्य वाचायचे, थांबायचे, मनात मराठी करायचे, मग पुढचे. उतारा संपला की पुन्हा पहिल्यापासून. मग प्रश्न वाचायचा आणि तिसऱ्यांदा उतारा. म्हणजे तिला इंग्रजी समजत नव्हते असे नाही. उलट तिला एकही शब्द सोडवत नव्हता. शाळेने शिकवलेला प्रामाणिकपणा होता तो. पण घड्याळाला प्रामाणिकपणा कळत नाही.

आता हिशेब मांडू. गणिताचे सर समोर आहेत, चुकले तर थांबवा. क्लॅटमध्ये एक उतारा साधारण ४५० शब्दांचा असतो. एका उताऱ्यावर पाच-सहा प्रश्न धरले तर वीस-बावीस उतारे झाले. म्हणजे नऊ-दहा हजार शब्द. बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबर्ट यांनी २०१९ मध्ये वाचनाच्या वेगावरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. इंग्रजीतले माहितीपर लेखन मनात वाचताना प्रौढ माणसाचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द निघाला. ही ज्यांना इंग्रजी चांगले येते त्यांची सरासरी आहे. आपला मुलगा मिनिटाला २०० शब्द वाचतो असे धरा. दहा हजार शब्दांना ५० मिनिटे. उरली ७० मिनिटे, प्रश्न १२०. एका प्रश्नाला ३५ सेकंद. तोच मुलगा १५० च्या वेगाने वाचत असेल तर वाचनातच सदुसष्ट मिनिटे जातात आणि एका प्रश्नाला २६-२७ सेकंद उरतात. आणि हे सगळे उतारा एकदाच वाचला तर. तीनदा वाचणाऱ्याला हा पेपर संपणारच नाही, मग तो कुठल्याही माध्यमाचा असो.

इथे लोकांना एक मोह होतो. 'वेगवाचन'. मिनिटाला हजार शब्द वाचायला शिकवतो, अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. डोळ्यांच्या हालचालींवर आयुष्यभर संशोधन केलेले कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये या दाव्यांचा सविस्तर आढावा घेतला. वेग फार वाढवला की समज कमी होते, यातून सुटका नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. नुसता सारांश हवा असेल तर वरवर नजर फिरवणे चालते. पण समजून घेऊन वेगात वाचायचे तर भाषेशी ओळख वाढवणे हाच मार्ग. शब्दसंपत्ती वाढली की वेग आपोआप वाढतो. त्यामुळे त्या जाहिरातींचे पैसे वाचवा आणि त्याची पुस्तके घ्या.

मग तिच्याबरोबर मी काय केले? पाच गोष्टी. त्या तुमच्या मुलांनाही सांगा.

पहिली गोष्ट: उतारा एकदाच सलग वाचायचा, पण हातात पेन्सिल घेऊन. प्रत्येक परिच्छेद संपला की बाजूला तीन-चार शब्द लिहायचे, आणि ते मराठीत लिहिले तरी चालतात. 'जुनी पद्धत – फायदा'. 'पण खर्च'. 'लेखकाचा उपाय'. वाक्यावाक्याचे भाषांतर बंद, परिच्छेदाचा सारांश सुरू. आता ज्यांना मराठीच्या बाई आठवतात त्यांनी सांगा, हे आपण कुठे केले आहे? एकतृतीयांश सारांश! बाई म्हणायच्या, उताऱ्यातली वाक्ये उचलून ठेवलीत तर शून्य देईन, तुमच्या शब्दांत लिहा. तेव्हा तो प्रश्न आपल्याला जुलूम वाटायचा. आज मोठमोठ्या फिया घेऊन हेच शिकवतात. बाई, तुम्ही आम्हाला हे फुकट शिकवलेत.

दुसरी गोष्ट: सांध्यांवर लक्ष ठेवायचे. 'तथापि', 'असे असूनही', 'याउलट', 'म्हणूनच' या अर्थाचे इंग्रजी शब्द आले की त्याभोवती गोल करायचा. लेखक तिथे वळतो, आणि प्रश्न बहुधा वळणावर असतात. घाटातून गाडी चालवणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. सरळ रस्त्यावर वेग, वळणावर ब्रेक. अवघड शब्द अडला तर तिथे थांबायचे नाही. त्या शब्दाबद्दल लेखकाचा सूर कौतुकाचा आहे की नापसंतीचा, एवढे कळले तरी बहुतेक वेळा काम भागते.

तिसरी गोष्ट, इथे सातबारा आला. तलाठ्याकडून उतारा हातात आल्यावर आपण तो पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचतो का? आधी गट नंबर, मग नाव, मग क्षेत्र, आणि मग थेट इतर हक्कात कुणाचा बोजा आहे का ते. काय शोधायचे ते ठाऊक असते, म्हणून नजर नेमकी तिथेच जाते. परीक्षेतल्या प्रश्नांचेही असेच प्रकार असतात. काही प्रश्न माहिती शोधायला लावतात. त्यांना बाजूच्या टिपणावरून परिच्छेद गाठायचा आणि तेवढ्याच दोन ओळी पुन्हा वाचायच्या. काही प्रश्न मुख्य मुद्दा विचारतात, त्यांना उताऱ्याकडे परत जायचेच नाही, टिपणे बघायची. काही अनुमान विचारतात: लेखकाने म्हटलेले नाही, पण त्याच्या म्हणण्यातून निघते ते. आणि कायद्याच्या उताऱ्यात नियम उताऱ्यातच दिलेला असतो, तो नव्या प्रसंगाला लावायचा असतो. तिथे मुलगी हमखास अडायची, कारण तिला न्याय काय व्हायला हवा हे मनापासून वाटायचे. मी तिला म्हणायचे, न्याय तू पुढे वकील झाल्यावर कर, आत्ता उताऱ्यातला नियम काय म्हणतो ते सांग.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: चुकीचे पर्याय ओळखणे. इथे मी तुम्हालाच परीक्षेला बसवते. उतारा मी स्वतः रचलेला आहे. ऐका.

"गावातल्या विहिरी बुजवून हातपंप बसवले, तेव्हा पाणी स्वच्छ मिळू लागले हे खरे. पण विहिरीत एक गुण होता. पाणी किती खाली गेले ते येता-जाता डोळ्यांना दिसायचे आणि उन्हाळा यायच्या आधीच बायका हात आखडता घ्यायच्या. हातपंपात हे दिसत नाही. तो आटला की आटल्यावरच कळतो."

प्रश्न: लेखकाचे मुख्य म्हणणे कोणते? पर्याय अ: विहिरीचे पाणी हातपंपाच्या पाण्यापेक्षा चांगले होते. ब: हातपंपांमुळे गावांना स्वच्छ पाणी मिळाले. क: सर्व गावांनी हातपंप काढून विहिरी पुन्हा खोदाव्यात. ड: शिल्लक साठा लोकांना दिसत राहिला की वापर आपोआप आवरता राहतो, आणि नव्या सोयीत ही गोष्ट हरवली.

किती जणांनी 'ड' म्हटले? छान. आता बाकीचे का चुकले ते बघा. 'अ' उताऱ्याच्या उलट आहे, पण 'विहिरीचे पाणी' हे ओळखीचे शब्द आहेत म्हणून घाईत खरा वाटतो. 'ब' खरा आहे, उताऱ्यात लिहिलेला आहे, पण तो प्रश्नाचे उत्तर नाही. सगळ्यात जास्त मुले 'ब' वर पडतात. 'क' लेखकापेक्षा चार पावले पुढे गेला. 'सर्व', 'कधीच', 'फक्त', 'नेहमी' असे शब्द पर्यायात दिसले की सावध व्हायचे. आणि बरोबर पर्यायाकडे बघा. त्यात विहीर हा शब्द नाही, हातपंप हाही शब्द नाही. बरोबर उत्तर पुष्कळदा उताऱ्याचे कपडे बदलून येते, आणि चुकीचे उत्तर उताऱ्याचेच कपडे घालून येते. एवढे एक वाक्य तुमच्या मुलाने लक्षात ठेवले तरी माझे आजचे भाषण वसूल झाले.

पाचवी गोष्ट घड्याळाची आणि गुणांची. पेपरला बसण्याआधीच वेळेची वाटणी ठरलेली हवी. क्लॅटसाठी आम्ही अशी केली होती: चालू घडामोडी १५ मिनिटे, कायदा ३५, तर्क २८, इंग्रजी २५, गणित १२. झाली ११५. उरलेली पाच मिनिटे राखीव. ती परीक्षा कागदावरची, गोल काळे करण्याची. म्हणून एक उतारा संपला की त्याचे गोल लगेच काळे करायचे, शेवटी एकदम नाही. चालू घडामोडींचा उतारा बहुधा वाचत बसायचा नाही, थेट प्रश्न बघायचा, कारण तिथे उत्तर आधीच माहीत असावे लागते. वाटणीची वेळ संपली की विभाग सोडायचा, मनाला कितीही लागले तरी.

आणि अंदाज करावा की नाही? याचे उत्तर धाडसात नाही, गणितात आहे. क्लॅटमध्ये बरोबर उत्तराला १ गुण आणि चुकल्यास पाव गुण वजा. चारांतले दोन पर्याय नक्की चुकीचे आहेत असे कळले आणि उरलेल्या दोनांपैकी एक निवडला, तर सरासरीने ०.३७५ गुणाचा फायदा होतो. तिथे सोडून देणे म्हणजे नुकसान. सीयूईटीत बरोबरला ५ आणि चुकल्यास १ वजा, म्हणजे तिथेही पर्याय खोडता आले तर उत्तर द्यावेच. कॅटच्या पर्यायी प्रश्नांत ३ मिळतात आणि १ जातो. तिथे आंधळा अंदाज सरासरीने शून्यावर येतो, पण एक पर्याय जरी खोडता आला तरी पारडे आपल्याकडे झुकते. अमेरिकेच्या सॅट परीक्षेत उणे गुण नाहीतच, तिथे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. आपल्या बॅचचे दोघे-तिघे तिकडे आहेत म्हणून सांगते. ती परीक्षा आता संगणकावर झाली आहे आणि तिचे उतारे अगदी छोटे, २५ ते १५० शब्दांचे, प्रत्येकावर एकच प्रश्न. म्हणजे प्रत्येक परीक्षेचा उतारा वेगळा. आपल्या मुलाची परीक्षा कोणती, तिचे नियम यंदा काय, हे अधिकृत पत्रकातून आधी वाचून घ्या. शेजाऱ्याच्या मुलाने काय केले ते नंतर विचारा.

या पाच गोष्टींबरोबर आम्ही एक वही ठेवली. चुकांची वही. सराव पेपरातली प्रत्येक चूक लिहायची आणि पुढे कारण: 'ब' सारखा खरा पण गैरलागू पर्याय निवडला, सांधा नजरेतून सुटला, वेळ संपली, शब्द अडला. दोन महिन्यांनी तिने स्वतःच वही उलटून पाहिली आणि गप्प झाली. 'शब्द अडला' हे कारण सर्वांत कमी वेळा आले होते. ज्या इंग्रजीला ती आणि तिचे वडील दोष देत होते, तिचा वाटा सर्वांत थोडा होता. बाकी सगळे शिकून सुधारण्यासारखे होते. त्या दिवशी तिने वही मिटली आणि मला विचारले, "म्हणजे शाळेचा प्रश्न नव्हता?" मी म्हटले, तूच बघ, तुझीच वही आहे.

मी खोटे चित्र उभे करत नाही. मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजी उतारा वाचायला सुरुवातीला जास्त वेळ लागतो, हे खरेच आहे. आपण पाचवीत एबीसीडी गिरवली. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले, तरी घरात ती भाषा नसते. हा तोटा रोजच्या वाचनानेच भरून निघतो. तिने दहा महिने रोज अर्धा तास इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचला. पहिले दोन महिने रडत वाचला. पहिल्या यादीत तिचे नाव आले नाही, दुसऱ्यातही नाही. त्या दिवसांत तिचे वडील मला रोज रात्री फोन करायचे आणि हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवून द्यायचे. तिसऱ्या यादीत नाव आले. आज ती कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो माझ्या मते बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे. १९८८ मध्ये अमेरिकेत डोना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी शाळेतल्या ६४ मुलांवर एक प्रयोग केला. त्यांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. काही मुले वाचनात हुशार होती, काही कच्ची. काहींना बेसबॉल चांगला माहीत होता, काहींना नाही. कोणाला उतारा जास्त समजला असेल? वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुले, वाचनात हुशार पण खेळ माहीत नसलेल्या मुलांच्या पुढे गेली. आपल्याकडे क्रिकेट धरा. ज्याला फॉलोऑन म्हणजे काय ते ठाऊक आहे, तो त्या बातमीत अडखळणार नाही.

याचा अर्थ असा की उतारा समजणे ही फक्त भाषेची युक्ती नाही. जगाबद्दल तुम्हाला आधी काय माहीत आहे, त्यावर ते अवलंबून असते. आणि ते ज्ञान कोणत्या भाषेतून आले याने फरक पडत नाही. ज्या मुलीने मराठीतून दुष्काळाबद्दल, बँकांबद्दल, ग्रहताऱ्यांबद्दल, संविधानाबद्दल वाचले आहे, ती इंग्रजी उताऱ्यात निम्मी आधीच पोचलेली असते. आपल्या शाळेच्या ग्रंथालयात शनिवारी अर्धी सुट्टी झाल्यावर जो तास मिळायचा, ज्यात आपण काहीबाही वाचत बसायचो, ती परीक्षेची तयारीच होती. तेव्हा तिला ते नाव नव्हते इतकेच.

तो तास आता बंद आहे. मी मुख्याध्यापक सरांना विचारले. ग्रंथपालाची जागा रिकामी आहे आणि कपाटांना कुलूप आहे. पुस्तके आहेत, मुले आहेत, उघडणारे कोणी नाही.

सकाळच्या बैठकीत आपण जमवलेल्या निधीचे काय करायचे यावर चर्चा झाली. एक सूचना आली की एखाद्या क्लासचे ऑनलाइन वर्ग दहावीच्या मुलांसाठी विकत घ्यावेत. सूचना चांगल्या मनाने आली आहे. माझी दुसरी आहे. दर शनिवारी दोन तास ग्रंथालय उघडायचे. आठवी ते दहावीची मुले. पहिला तास हवे ते वाचायचे, मराठीत, काहीही. दुसऱ्या तासात एक उतारा, आलटून-पालटून एकदा मराठी, एकदा इंग्रजी, घड्याळ लावून, आणि मग चुकांची वही. याला पडदा लागत नाही, इंटरनेट लागत नाही. वर्तमानपत्रे, पेन्सिली, एक भिंतीवरचे घड्याळ आणि दर शनिवारी एक मोठे माणूस, एवढेच लागते. आपण गावात आणि तालुक्यात राहणारे चोवीस जण आहोत, मी यादी मोजली आहे. प्रत्येकाच्या वाट्याला वर्षातून दोनच शनिवार येतात. तुम्हाला इंग्रजी यायलाच हवे असे नाही. दुकान चालवणाऱ्याने जीएसटीची बातमी मुलांबरोबर वाचावी, शेती करणाऱ्याने हवामानाची, नर्स असलेल्या आपल्या मैत्रिणीने साथीच्या रोगाची. मुलांना उतारा समजेल तो तुमच्यामुळे. इंग्रजीची बाजू मी सांभाळते, पहिल्या शनिवारी मी येते.

निवृत्त गुरुजनांना एक विनंती आहे. उतारे तुम्ही निवडून द्या. आम्हाला कोणता उतारा आवडेल हे तुम्हाला आमच्यापेक्षा नेहमीच जास्त कळत होते. आणि बाई, एकतृतीयांश सारांशाचा प्रश्न त्यात असू द्या. मुले कुरकुरतील. कुरकुरू द्या.

व्यासपीठाच्या उजव्या बाजूला टेबलावर एक वही ठेवली आहे. चहाला जाण्याआधी त्यात आपले नाव आणि जमेल तो महिना लिहावा. वर्गमित्र म्हणून कुणाला बळजबरी करणार नाही. पण संध्याकाळी ती वही मी मोठ्याने वाचून दाखवणार आहे, हे लक्षात असू द्या.